प्रोड्युसर-कन्झ्युमर लूप नीट बंद कसे करावेत: लॅबव्ह्यूमध्ये डेटा घेणाऱ्यांसाठी

लॅबव्ह्यू या चित्ररूप प्रोग्रॅमिंग भाषेत डॅकएमएक्स रीड (मोजमापाच्या उपकरणातून सँपल्स, म्हणजे मोजलेली मूल्यं, घेणारं फंक्शन), ग्राफ आणि फाइल लिहिणं हे सगळं एकाच व्हाइल लूपमध्ये कोंबलं की जास्त सँपल रेटला −२००२७९ हा एरर ठरलेला. ड्रायव्हरच्या बफरमधली सँपल्स तुम्ही उचलण्याआधीच त्यांच्यावर नवी लिहिली गेली, एवढाच त्याचा अर्थ. यावर "बफर वाढवा" असा सल्ला सर्रास मिळतो. लूप मुळातच मागे पडत असेल तर त्याने एरर फक्त उशिरा येतो. खरा उपाय म्हणजे डेटा घेणारा लूप (प्रोड्युसर) वेगळा, वापरणारा (कन्झ्युमर) वेगळा आणि दोघांच्या मध्ये क्यू, म्हणजे डेटाची रांग.

सांगाडा हाताने काढू नका, न्यू डायलॉगमध्ये डिझाइन पॅटर्नचं तयार टेम्प्लेट आहे. क्यूचं एलिमेंट म्हणून क्लस्टर (अनेक मूल्यांचा एक गठ्ठा) घ्या: एक ईनम (ठरलेल्या पर्यायांची यादी), ज्यात 'डेटा' आणि 'शेवट' असे दोन पर्याय, आणि सोबत सँपल्सचा द्विमितीय ॲरे. क्लस्टर टाइपडेफ (एका जागी बदलली की सगळीकडे बदलणारी व्याख्या) करून ठेवा.

प्रोड्युसरमध्ये फक्त रीड आणि एनक्यू (क्यूमध्ये टाकणं). दर रीडला सँपल रेटच्या साधारण एक दशांश सँपल्स घ्या. दोन्ही लूपमध्ये वेट लावायचं नाही. रीड स्वतःच सँपल्सची वाट पाहतं, डीक्यू (क्यूमधून काढणं) स्वतःच एलिमेंटची वाट पाहतं.

ग्राफसाठी वेगळा कन्झ्युमर हवा असेल तर त्याला वेगळा क्यू द्या. एकदा डीक्यू केलेलं एलिमेंट क्यूमधून गेलेलं असतं. एकाच क्यूवर दोन लूप बसवले तर अर्धा डेटा फाइलमध्ये, अर्धा ग्राफवर, असं होतं.

आता थांबवणं. मला सगळ्यात जास्त छळलं ते या टप्प्याने, आणि यावरचे सल्लेही बहुतेक वाईट असतात.

सगळ्यात प्रचलित सल्ला म्हणजे स्टॉप बटणाचं लोकल व्हेरिएबल दुसऱ्या लूपमध्ये वाचा. तसं केलं की लॅच ॲक्शन (दाबलेलं बटण वाचलं गेल्यावर आपोआप पूर्ववत होणं) सोडावी लागते, कारण लॅच असलेल्या बटणाचं लोकल व्हेरिएबल चालतच नाही. शिवाय डीक्यूचा टाइमआउट −१ (म्हणजे अमर्याद वाट) असेल तर कन्झ्युमर तिथेच वाट पाहत बसतो, व्हेरिएबल बदललेलं त्याला कळत नाही. मग लोक टाइमआउट १०० मिलिसेकंद करतात, 'टाइम्ड आउट?' तपासायचं विसरतात आणि रिकामं एलिमेंट खरा डेटा समजून पुढे पाठवतात. हे सगळं जुळवलं तरी मूळ दोष राहतोच: बटण दाबताना क्यूमध्ये जे शिल्लक असेल ते फाइलपर्यंत पोचत नाही.

दुसरा सल्ला: प्रोड्युसर थांबला की रिलीज क्यू करा, कन्झ्युमरला ११२२ एरर (वाट पाहत असताना क्यूचा रेफरन्स अवैध झाला) मिळेल आणि तो बंद होईल. बंद होतो खरा, पण क्यू नष्ट होताना त्यातली न वाचलेली एलिमेंट्स कन्झ्युमरच्या हातून जातात. प्रयोगाचा शेवटचाच भाग तुम्हाला हवा असतो, आणि नेमका तोच गेलेला असतो.

म्हणून नियम पक्का ठेवा. प्रोड्युसरने क्यू कधीही नष्ट करायचा नाही. लूप संपल्यावर त्याने 'शेवट' हे एलिमेंट पाठवायचं. क्यू क्रमानेच रिकामा होतो, त्यामुळे आधीचा सगळा डेटा लिहून झाल्यावरच कन्झ्युमर 'शेवट'पर्यंत पोचतो. मग तो फाइल बंद करतो आणि क्यूही तोच सोडतो.

इथे एक सापळा आहे. रीडला एरर आला म्हणून प्रोड्युसर थांबला आणि तीच एरर वायर 'शेवट' पाठवणाऱ्या एनक्यूला जोडलेली असली, तर एनक्यू काहीच करत नाही, एरर नुसता पुढे सरकवतो. 'शेवट' जात नाही आणि कन्झ्युमर अडकून राहतो. या एनक्यूला एरर वायर जोडू नका. क्यूचा रेफरन्स लूपमधून बाहेर आणून त्याला द्या, म्हणजे तो लूप संपल्यावरच चालेल. मूळ एरर बाजूने न्या आणि शेवटी दाखवा.

उलट दिशाही सांभाळा. डिस्क भरून कन्झ्युमर आधी मेला तर त्याने रिलीज क्यूला 'फोर्स डिस्ट्रॉय' ट्रू द्यावं. प्रोड्युसरच्या एनक्यूला १ किंवा ११२२ एरर मिळतो आणि तोही थांबतो. बंद होताना आलेले हे दोन एरर गाळून टाका.

क्यूची मर्यादा −१ (म्हणजे अमर्याद) ठेवू नका. ४ चॅनेल, सेकंदाला प्रत्येकी १०,००० सँपल्स, रीडला १,००० म्हटलं तर सेकंदाला १० एलिमेंट्स येतात, प्रत्येक ३२,००० बाइटचं. कन्झ्युमरला एका एलिमेंटला १२० मिलिसेकंद लागत असतील तर तासाभरात क्यूमध्ये ६,००० एलिमेंट्स, म्हणजे जवळपास १९२ मेगाबाइट, साठतात, आणि स्क्रीनवर सगळं सुरळीत दिसत असतं. मी मर्यादा ३०० ठेवते. एनक्यूचा टाइमआउट ०, आणि टाइम्ड आउट झालं की स्पष्ट संदेश देऊन थांबायचं. 'शेवट' पाठवताना मात्र टाइमआउट −१ ठेवा, क्यू भरलेला असला तरी तो पोचलाच पाहिजे. ग्राफच्या क्यूला मर्यादा १ आणि लॉसी एनक्यू (क्यू भरलेला असेल तर सगळ्यात जुनं एलिमेंट टाकून नवं घालणारं) पुरतं, तिथे जुना डेटा गेला तरी चालतो.

सगळं जोडून झालं की तीन चाचण्या करा. चालू असताना उपकरणाची केबल काढा. फाइलचा पाथ चुकीचा देऊन चालवा. आणि कन्झ्युमरमध्ये तात्पुरता २०० मिलिसेकंदांचा वेट टाकून, क्यू भरण्याआधी स्टॉप दाबा. तिन्ही वेळा दोन्ही लूप आपोआप थांबले पाहिजेत, आणि तिसऱ्या वेळी प्रोड्युसरने प्रत्येक चॅनेलची मोजलेली सँपल्स फाइलमधल्या सँपल्सशी तंतोतंत जुळली पाहिजेत. एकही कमी भरलं तर 'शेवट'ची वायर पुन्हा तपासा.