खनिजाची रेल्वे आणि बंदराचा धक्का : कोल्हापुरात बसून मुरगावचा इतिहास कसा लिहावा

गोव्यातील मुरगाव बंदराच्या धक्क्यावर लोहखनिज नेणाऱ्या रेल्वेचा इतिहास लिहायचा असेल, तर ही रेल्वे खनिजासाठीच बांधली गेली असे आरंभीच गृहीत धरू नये. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे उभी राहिली आणि १८८८ पर्यंत मीटरगेज रूळ घाट चढून कॅसलरॉकला पोहोचले, ते घाटमाथ्यावरचा शेतमाल आणि व्यापार बंदराकडे वळावा म्हणून. गोव्यातून लोहखनिजाची निर्यात सुरू झाली ती १९४० च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे जवळजवळ साठ वर्षांनी. त्यामुळे आधी रेल्वेचे आणि बंदराचे कागद लावावेत, खाणीचे वेगळे ठेवावेत आणि दोन्ही कुठे भेटतात ते नंतर पाहावे.

ते पाहण्याची सोपी रीत म्हणजे खनिज जिथे एका वाहनातून दुसऱ्या वाहनात पडते, तिथे थांबणे. गोव्यातले बहुतेक खनिज रुळांवरून गेलेच नाही. खाणीवरून ट्रकने ते मांडवी किंवा जुवारीच्या काठावरील धक्क्यावर येई, तिथे बार्जमध्ये, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीत, भरले जाई आणि बार्ज मुरगावला जाई. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यामुळे वाट बंद झाली की बार्ज कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत उतरत. बंदरात यंत्राचे पंजे बार्जमधला माल उपसत, पट्ट्यांवरून तो ढिगाऱ्यावर जाई आणि तिथून पुन्हा पट्ट्यांवरून जहाजाच्या पोटात. हा मोठा यांत्रिक धक्का १९७० च्या दशकाच्या अखेरीस चालू झाला. रेल्वेचा खनिजाशी खरा संबंध दोन ठिकाणी येतो : गोव्यातल्या सांवर्डे-कुडचडे भागात खनिज गाडीत भरले जाते तिथे आणि होस्पेट-बळ्ळारीकडून हुबळी-लोंढामार्गे घाट उतरून येणाऱ्या मालात. लेखाचा मोठा भाग या दोन ठिकाणांना द्यावा.

कागदांची सुरुवात कोल्हापुरातच करता येते. कोल्हापूर संस्थानची मिरजेपर्यंतची रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली आणि मिरजेला ती सदर्न मराठा रेल्वेच्या जाळ्याला मिळाली; तेच जाळे लोंढ्यावरून कॅसलरॉकला भिडत होते. म्हणून कोल्हापूर पुरालेखागारात संस्थानी दप्तरातील रेल्वेविषयक पत्रव्यवहार मागावा आणि मालाचे दर, जकात व बंदराचा उल्लेख असलेली पाने आधी पाहावीत. करवीर नगर वाचन मंदिरात जुनी गॅझेटियर व अहवाल चाळावेत. पोर्तुगीज अमलातील खाणींच्या सवलतींचे, म्हणजे खाणकामाच्या हक्कांचे, कागद मात्र पणजीच्या पुराभिलेखागारातच शोधावे लागतील. या सवलती भारत सरकारने १९८७ च्या कायद्याने रद्द करून त्यांचे भाडेपट्टे केले, तेव्हा त्याआधीच्या आणि नंतरच्या कागदांतील धारकांची नावे एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

आकडे उतरवताना एकक हमखास तपासावे. जुन्या इंग्रजी अहवालांतील टन हा २२४० पौंडांचा, म्हणजे सुमारे १०१६ किलोचा असतो. नंतरचा टन १००० किलोचा. शिवाय खनिजाचा व्यवहार अनेकदा ओलावा वजा केलेल्या सुक्या टनात होतो, तर वाहतुकीची नोंद ओल्या वजनावर. वर्षही जानेवारीपासून की एप्रिलपासून, हे कोष्टकाच्या डोक्यावर लिहून ठेवावे. माझ्या मते आलेख काढण्याची घाई करणाऱ्यांची फजिती इथेच होते.

प्रत्यक्ष पाहणीसाठी मिरज, बेळगाव, लोंढा, कॅसलरॉक असा मार्ग धरावा आणि कॅसलरॉक ते कुळे हा टप्पा दिवसाउजेडी पार करावा. इथला चढ सुमारे ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र आहे. खनिजाची भरलेली गाडी इथे उतरते, म्हणून तिची अडचण ब्रेकची. मुरगावला उतरलेला आयात कोळसा घेऊन पोलाद कारखान्यांकडे जाणारी गाडी चढते, म्हणून तिला मागून ढकलणारी जादा इंजिने लागतात. वहीत गाडीची दिशा, वाघिणी (मालडबे) भरलेल्या की रिकाम्या आणि मागे इंजिन आहे का, एवढे टिपले तरी पुरे. १९९० च्या दशकात इथले मीटरगेज ब्रॉडगेज झाले, तेव्हा जुन्या छायाचित्रांची तारीख ठरवताना रुळांची रुंदी उपयोगी पडते. बंदराच्या आवारात परवानगीशिवाय शिरू नये, छायाचित्रे तर नाहीच.

गोव्यातील २०१२ मधील खाणबंदी आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवलेली ८८ भाडेपट्ट्यांची नूतनीकरणे यांमुळे निर्यातीचे आकडे अचानक कोसळलेले दिसतील. तो खड्डा धक्क्याच्या किंवा रेल्वेच्या अकार्यक्षमतेच्या खात्यावर टाकू नये. तुलनेसाठी सिंधुदुर्गातील रेडी हे गाव घ्यावे. तिथे लोहखनिज आहे, बंदर आहे, पण बंदरापर्यंत रूळ नाहीत; माल ट्रकने येतो आणि बार्जमधून खोल पाण्यातील जहाजावर चढतो. मुरगावच्या हिशेबातून रेल्वे वजा केली तर काय उरते, हे तिथे एका दिवसात पाहता येते.