व्यसनामागची जखम हाताळताना या चुका टाळा

सातपूर-अंबडचा कामगार असो की निफाडचा बागायतदार, दारू किंवा गोळ्यांच्या मागे अनेकदा जुना आघात असतो. लहानपणी खाल्लेला मार, अत्याचार, डोळ्यांदेखत गेलेलं माणूस. रात्री झोप लागावी म्हणून सुरू झालेली बाटली मग सुटत नाही.

हा आघात उपचाराच्या पहिल्याच भेटीत उकरून काढणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. "सगळं सांगून टाक, हलकं वाटेल" असं म्हणून तासभर बोलतं केलेला माणूस घरी जाऊन दुप्पट पिऊ शकतो, पुढच्या तारखेला येतही नाही. आधी झोप, विड्रॉअल (नशा थांबल्यावर होणारा शारीरिक-मानसिक त्रास), सुरक्षितता पाहा. आघाताबद्दल इतकंच विचारा: "असं काही घडलंय का, ज्याचा आजही त्रास होतो? तपशील आज नको." कुठं बसायचं ते त्यालाच ठरवू द्या, अनेकांना दार नजरेसमोर लागतं. बीपी घेतानाही आधी विचारून मग हात लावा.

बोलता बोलता नजर एका जागी खिळली, मुठी आवळल्या, उत्तर येईना, तर प्रश्न तिथेच थांबवा. खांदा धरून हलवू नका. नावानं हाक मारा, आपण कुठे आहोत ते सांगा, पाय जमिनीवर टेकवून खोलीतल्या 5 वस्तूंची नावं घ्यायला सांगा. डोळे मिटायला लावू नका. मिटल्या डोळ्यांपुढे काहींना तेच दृश्य दिसतं.

घरच्यांनी भाजीत गुपचूप दारू सोडवायची गोळी मिसळणं तर जिवावर बेतू शकतं. डायसल्फिराम या दारू सोडवण्याच्या औषधावर दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. गोळी थांबवल्यावरही साधारण 2 आठवडे हा धोका राहतो. शिवाय ज्याचा एकदा घात झालाय, त्याचा घरच्या ताटावरचाही विश्वास उडतो.

कोंडून ठेवून दारू एकदम तोडणंही तसंच घातक. रोज भरपूर पिणाऱ्याला 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, 2 ते 4 दिवसांत भ्रम होऊ शकतो. त्याला रुग्णालयात न्या, किती पितो ते खरं सांगा. साखळीनं बांधायला मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार बंदी आहे.

पुन्हा प्यायला, तर "शब्द मोडलास" म्हणू नका. "प्यायच्या आधी काय झालं होतं?" असं विचारा. कधी कारण एखादी तारीख निघते, कधी डिझेलचा वास. रंगपंचमीच्या ढोलांनी कुणाला धडकी भरत असेल, तर फॉलोअपची तारीख त्याच्या आधीची द्या आणि मध्यरात्रीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये तिथेच सेव्ह करून द्या.