अमेरिकेतलं रिकामं घर आणि 'सॉव्हरिन सिटिझन'वाले

अमेरिकेत घर घेतलंय आणि सध्या रिकामं पडलंय, त्यांनी हे वाचाच. तिकडे सॉव्हरिन सिटिझन म्हणवणारी मंडळी आहेत, सरकारच मानत नाहीत, पण गंमत बघा, खोटं क्विटक्लेम डीड (घरावरचा आपला हक्क दुसऱ्याला सोडून देण्याचा कागद) नोंदवायला मात्र त्याच सरकारच्या काउंटी (म्हणजे जिल्हा) ऑफिसात जातात. तिथे सहसा फॉरमॅट, नोटरीचा शिक्का आणि फी एवढंच बघतात, खरा मालक कोण ते तपासत नाहीत, म्हणून कागद चढतो आणि मग कुलूप बदलून हे आत.

तर पहिलं काम, काउंटी रेकॉर्डरच्या (हे कागद नोंदवणाऱ्या ऑफिसच्या) साइटवर फ्रॉड अलर्ट लावा, म्हणजे आपल्या नावाने कागद नोंदला गेला की कळतं, बऱ्याच ठिकाणी फुकट असतो. आपल्या नावात मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव येतं ना, ते धरून आणि सोडून, दोन्ही स्पेलिंगं टाका.

कागद ओळखायचा कसा? लाल अंगठा, विचित्र विरामचिन्हांतलं नाव, 'लँड पेटंट'ची (सरकारने मुळात जमीन दिल्याच्या कागदाची) भाषा.

आत कोणी घुसलंच तर स्वतः कुलूप तोडू नका. आपल्या खऱ्या डीडची सर्टिफाइड कॉपी घेऊन पोलिसांत जा, ते कदाचित दिवाणी मामला म्हणून हात झटकतील, तरी रिपोर्ट घ्याच आणि वकिलाकडून क्वाएट टायटलचा (मालकी कोर्टाकडून पक्की करून घेण्याचा) दावा लावा. खोट्या डीडने मालकी जात नाही, पण ते रेकॉर्डवर असेपर्यंत घर विकताना घाम फुटतो.