मिरगाच्या आधी परसबागेची तयारी: निंबोळी, ड्रम आणि खताचं टाकं

अंगणातल्या कडुनिंबाला निंबोळ्या धरल्या की माझ्या परसबागेचं वर्ष सुरू होतं. वांगी, भेंडी, भेदरं (टमाटे), सांबार (कोथिंबीर), वालाच्या शेंगा, कोहळ्याचा एखादा वेल, एवढाच पसारा. पण घरच्या सहा माणसांची भाजी श्रावणापासून संक्रांतीपर्यंत बरीचशी त्यातच निघते. या भाजीवर विषारी फवारा मारायचा नाही हे आम्ही 2017 साली ठरवलं. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं, पण फवारणीला जाणारा माणूस आमच्याही घरात आहे. वावराचं सगळं एका वर्षात बदलता आलं नाही. परसबागेचं आलं.

पहिल्या वर्षी मला एक गोष्ट कळली नव्हती. घरचं औषध कीड दिसल्यावर करायला घेतलं तर उशीर झालेला असतो. दुकानातली बाटली त्याच दिवशी हाती येते. दशपर्णीला, म्हणजे दहा झाडांचा पाला कुजवून केलेल्या औषधाला, महिना लागतो, खताला तीन-चार महिने, आणि निंबोळी तर वर्षातून एकदाच पडते. म्हणून ही तयारी मे महिन्यात, उन्हाची कामं थांबलेली असताना काढा.

सगळ्यात आधी कडुनिंबाखालची जागा झाडून घ्या. निंबोळ्या मिरगाच्या आसपास पिवळ्या पडून गळायला लागतात, आणि त्याच वेळी पाऊसही येतो. चिखलात पडलेली, भिजलेली निंबोळी दोन दिवसांत काळी पडते, बुरशी धरते. जुनं लुगडं किंवा ताडपत्री झाडाखाली अंथरून ठेवली की रोज सकाळी गोळा करणं दहा मिनिटांचं काम. गर काढायला बादलीत पाणी घेऊन हातानं चोळा, बिया धुऊन घ्या आणि सावलीत, हवेशीर जागी वाळवा. कडक उन्हात नको. हलवल्यावर आतली मगज खुळखुळ वाजली की वाळली समजा. साठवायला कापडी पिशवी किंवा तागाचं पोतं काढून ठेवा. खताची रिकामी प्लास्टिकची चुंगडी घरोघरी असते, हात तिच्याकडेच जातो, पण एका वर्षी माझ्या चार किलो बिया त्या चुंगडीत घाम धरून वाया गेल्या. पाच किलो वाळलेल्या बिया परसबागेच्या पाच-सहा फवाऱ्यांना पुरतात. वर्षापेक्षा जुन्या वापरू नका, कस उतरलेला असतो.

निंबोळी अर्क पाच टक्क्यांचा करायचा, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 750 ग्रॅम बिया. त्यासाठी जुना पाटा-वरवंटा किंवा खलबत्ता वेगळा ठेवा. घरचा मिक्सर वापरला तर कडूपणा आठवडाभर चटणीत उतरतो. भरड कापडात सैल बांधून दीड लिटर पाण्यात रात्रभर बुडवा. सकाळी पुरचुंडी पिळली की दुधासारखं पांढरं पाणी सुटतं. ती पुन्हा बुडवायची, पुन्हा पिळायची, आणि पांढरेपणा संपेपर्यंत हे करत राहायचं. शेवटी हात कोपरापर्यंत कडू होतात, दोनदा धुतल्याशिवाय जेवायला बसता येत नाही. त्यात 30 ग्रॅम साध्या साबणाचा चुरा विरघळवून पाणी 15 लिटर करायचं. साबणामुळे औषध पानावर पसरतं, नाहीतर थेंब घरंगळून जातात. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाला फेसच येत नाही, म्हणून टिनाच्या पन्हाळीखाली एक ड्रम ठेवून पहिल्या दोन पावसांनंतरचं पाणी धरून ठेवा. फवारा संध्याकाळी, ऊन उतरल्यावर मारा. निंबोळीतलं औषधी तत्त्व उन्हानं लवकर मोडतं. केलेला अर्क त्याच दिवशी संपवा.

फवारल्यावर दुसऱ्या दिवशी अळ्या मरून पडलेल्या दिसणार नाहीत. निंबोळीनं अळीचं खाणं सुटतं, कात टाकणं बिघडतं, आणि ती तीन-चार दिवसांत गळते. हे लहान अळीवर चालतं. बोटाएवढी झालेली अळी हातानंच वेचावी लागते, त्यासाठी साबणाच्या पाण्याचा एक डबा बागेच्या तोंडाशी कायमचा ठेवा. वांग्याचा शेंडा मान टाकलेला दिसला की आत अळी आहे, तो दोन बोटं खालून कापून त्याच डब्यात टाकायचा. या अळीवर शेंडे खुडण्याइतका खात्रीचा घरगुती उपाय मला अजून सापडलेला नाही.

आता पंप. हे मी जीव तोडून सांगते. परसबागेचा पंप वेगळा घ्या, आणि त्यावर रंगानं खूण करा. तिसऱ्या वर्षी आमचा पंप बिघडला होता, म्हणून मी वावरातला पंप तीनदा धुऊन निंबोळी अर्क फवारला. त्या पंपानं आधी धुऱ्यावर (बांधावर) तणनाशक मारलेलं होतं. आठव्या दिवशी भेदरांची पानं आवळून सुतळीसारखी पिळली, नवी पालवी हाताच्या मुठीसारखी मिटून आली, आणि बत्तीस झाडं उपटावी लागली. मी आधी रोग समजले, निंबोळीला दोष दिला. 2,4-डी सारखं तणनाशक पंपाच्या रबरात आणि नळीत राहतं, आणि भेदरं, वांगी, कपाशी त्याच्या थेंबालाही सहन करत नाहीत. साध्या पाण्यानं धुऊन ते जात नाही. ज्यांना दुसरा पंप परवडत नाही त्यांनी दोन लिटरचा हातफवारा घ्यावा, छोट्या बागेला तो पुरतो.

दशपर्णीचा ड्रम मिरगाच्या आधीच भरून झाकून टाका, म्हणजे आषाढात मावा-तुडतुडे येईपर्यंत तो तयार होतो. 200 लिटरच्या ड्रमचं माप असं: कडुनिंबाचा पाला 5 किलो, निर्गुडी, करंज, सीताफळ, पपई, एरंड, रुई, गुळवेल, घाणेरी आणि कण्हेर प्रत्येकी 2 किलो, हिरव्या मिरचीचा ठेचा 2 किलो, लसूण पाव किलो, शेण 3 किलो, गोमूत्र 5 लिटर. परसबागेला याचा दहावा हिस्सा भरपूर, 20 लिटरची बादली घ्या. महिनाभर सावलीत, तोंडाला पोत्याचं कापड बांधून, रोज दोनदा काठीनं ढवळायचं. पाला कुठे मिळतो ते आताच हेरून ठेवा. निर्गुडी नाल्याच्या काठाला, घाणेरी गावाबाहेरच्या पडीकात, करंज रस्त्याच्या कडेला, आणि सीताफळ तर धुऱ्यावरच. वापरताना मी 15 लिटरच्या पंपाला अर्ध्या लिटरच्या आतच घालते, आणि आधी दोन झाडांवर मारून दोन दिवस बघते.

एक सावधगिरी मात्र घ्याच. कण्हेर आणि रुई विषारी आहेत. घरचं औषध म्हणून ते निर्धोक ठरत नाही. पाला कुटताना हातमोजे घाला, रुईचा चीक डोळ्याला लागू देऊ नका, काठी आणि भांडं वेगळं ठेवा, ड्रमवर मोठ्या अक्षरांत लिहा, पोरं आणि बकऱ्या पोचणार नाहीत अशा जागी ठेवा. फवारताना तोंडाला दुपट्टा, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा. सांबार, मेथी, पालक यांवर मी दशपर्णी कधीच मारत नाही, तिथे फक्त निंबोळी, आणि त्यानंतर आठवडाभर खुडणी नाही. जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं खतपाणी) करत असाल तर तेही पानांवर शिंपडू नका, मुळाशी ओता. त्यात कच्चं शेण असतं आणि सांबार आपण कच्चाच खातो.

किरकोळ गोष्टी एका टोपल्यात जमवून ठेवा. चुलीची चाळलेली राख काकडी-कोहळ्याच्या कोवळ्या वेलावर, लाल भुंग्यांसाठी, सकाळच्या दवात. आठ दिवसांचं आंबट ताक पाण्यात मिसळून पानांवरच्या भुरी रोगावर. पिवळ्या रंगवलेल्या टिनाच्या पट्ट्या, त्यांना लावायला एरंडेल. भेंडीवर हळद्या रोग पसरवणारी पांढरी माशी त्यावर चिकटते. पट्टी झाडाच्या शेंड्याला टेकेल इतक्याच उंचीवर बांधा आणि झाड वाढेल तशी वर सरकवा.

खताचं मी जास्त सांगणार आहे, कारण कमकुवत झाडावरच कीड आधी बसते असा माझा अनुभव आहे. आपल्याकडे खताला माल कमी नाही. पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या), तुऱ्हाटी (तुरीच्या काड्या), सोयाबीनचं कुटार (भुसा), पाला, सगळं जळून तरी जातं नाहीतर धुऱ्यावर पडून राहतं. पऱ्हाटीच्या ढिगात उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी लपून राहते आणि पुढच्या हंगामात तीच कपाशीवर परत येते, म्हणून ती पडू देणं सगळ्यात वाईट. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी काडीकचऱ्याचं खत करायची जी पद्धत बसवली ती त्यांच्या नावावरून नाडेप म्हणून देशभर गेली. विटांचं टाकं 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच, भिंतीत हवेसाठी भोकं. त्यात 1400 ते 1500 किलो काडीकचरा, 90 ते 100 किलो शेण आणि साधारण 1750 किलो चाळलेली माती जाते. म्हणजे शेण थोडंच लागतं. दोन ढोरं असलेल्या घराला हे फार मोलाचं आहे.

परसबागेसाठी 5 फूट बाय 3 फुटाचं टाकं करा आणि सगळ्याचा चौथा हिस्सा घ्या. माल आधी पूर्ण जमवा, कारण टाकं एका दिवसात, फार तर दोन दिवसांत भरून संपलं पाहिजे. रोज थोडं थोडं टाकत गेलात तर तो उकिरडाच होतो. पऱ्हाटी कोयत्यानं बोटभर तुकड्यांत तोडून दोन दिवस भिजवा. गाजर गवत फुलावर यायच्या आधीचंच घ्या. मे महिन्यात भरणार असाल तर पाण्याचा हिशेब आधी करा, चौथ्या हिश्श्यालाही चार-पाचशे लिटर लागतं. थर असे: सहा इंच काडीकचरा, त्यावर शेणकाला, त्यावर माती, आणि पुन्हा तेच. वर घराच्या छपरासारखा उतार करून शेण-मातीनं लिंपायचं. दोन-तीन आठवड्यांत ते खाली बसतं, तेव्हा पुन्हा भरून पुन्हा लिंपा. भेगा दिसल्या की शेणकाल्यानं बुजवा, नाहीतर 45 अंशांच्या उन्हात आतला ओलावा उडतो आणि उधई (वाळवी) लागते. ओल बघायला भिंतीच्या भोकातून मूठभर माल काढून दाबा. हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. ओकारी यावी असा वास आला तर पाणी जास्त झालं, सुकं कुटार कोंबा. आता भरलेलं टाकं सप्टेंबरात, मेथी-वाटाण्याच्या वेळी मिळेल. खरिपाला घालायला जुनं शेणखत पूर्ण कुजलेलं आहे का ते चाळून बघा. अर्धकच्च्या शेणातून हुमणी (मुळं खाणारी अळी) बागेत येते. गांडुळाची पेटी मात्र पाऊस पडून हवा थंड झाल्यावरच लावा, उन्हाळ्यात गांडुळं तगत नाहीत.

राहिला झेंडू. फळ पोखरणारी अळी भेदरांऐवजी उंच आफ्रिकन झेंडूवर अंडी घालायला जाते, पण भेदरं फुलतात तेव्हा झेंडूलाही फूल असलं पाहिजे. लावताना झेंडूचं रोप 40 दिवसांचं आणि भेदराचं 25 दिवसांचं असावं लागतं. म्हणून झेंडूचं बी भेदराच्या 15 दिवस आधी टाका. मी ते दर वर्षी रोहिणी लागल्या की, भांडी धुण्याच्या पाण्याच्या ओलीवर, न्हाणीमागच्या वाफ्यात टाकते.