शेअर बाजारात पहिले पाऊल: आधी पैशाची मुदत, मग शेअरची निवड

शेअर बाजारात नव्याने येणारा माणूस बहुधा पहिल्यांदा विचारतो, "कोणता शेअर घेऊ?" माझ्या मते हा प्रश्न फार नंतरचा आहे. त्याआधी हा पैसा आपल्याला किती वर्षे लागणार नाही, हे ठरवायला हवे. शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीतील छोटा हिस्सा. कंपनीचा नफा वाढत गेला की लाभांशातून आणि चढत्या भावातून त्याचा लाभ भागधारकाला मिळतो, पण ही वाढ दरवर्षी सारखी नसते आणि काही वर्षे ती उलटीही फिरते. म्हणून येत्या पाच वर्षांत शिक्षण, घर किंवा उपचारांसाठी लागणारा पैसा बाजारात घालू नये. सहा महिन्यांचा घरखर्च केव्हाही काढता येईल असा वेगळा ठेवावा. चढ्या व्याजाचे कर्ज असेल तर ते आधी फेडावे, कारण त्यातून वाचणारे व्याज निश्चित असते आणि बाजारातील परतावा तसा नसतो.

मुदतीचा हा आग्रह इतिहास पाहिल्यावर पटतो. निर्देशांक म्हणजे निवडक कंपन्यांच्या शेअरभावांची एकत्रित चाल दाखवणारा आकडा. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी अमेरिकेतील डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्क्यांनी कोसळला. जपानच्या निक्केई निर्देशांकाने डिसेंबर १९८९ मध्ये गाठलेला उच्चांक पुन्हा ओलांडला जाण्यासाठी फेब्रुवारी २०२४ उजाडावे लागले. ज्याने सगळी पुंजी एकाच वेळी, एकाच देशाच्या बाजारात आणि ऐन तेजीत लावली, त्याची उमेदीची वर्षे वाट पाहण्यातच गेली असतील. शिवाय तोट्याचे गणित फसवे असते: ५० टक्के घट झालेली रक्कम मूळपदावर यायला ५० नव्हे, तर १०० टक्के वाढावी लागते.

यावर नवख्याच्या हातात असलेला उपाय म्हणजे पैसा विभागणे. एकेका कंपनीचा ताळेबंद वाचून पारख करण्याइतका वेळ आणि अभ्यास नसेल, तर निर्देशांकातील सर्व कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेणारा इंडेक्स फंड निवडावा. सामान्य गुंतवणूकदारांसाठी असा फंड व्हॅनगार्ड या गुंतवणूक कंपनीचे संस्थापक जॉन बोगल यांनी अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू केला, तेव्हा त्याची टिंगल झाली होती. आज ही पद्धत जगभर रूढ आहे. त्यात दरमहा ठरावीक रक्कम घालत राहिल्यास भाव उतरलेले असताना फंडाचे अधिक युनिट, म्हणजे हिस्से, मिळतात आणि योग्य वेळ हेरण्याची धडपड करावी लागत नाही.

फंड निवडताना मागील वर्षाच्या परताव्याआधी त्याचा वार्षिक खर्च पाहावा, कारण पुढचा परतावा कोणालाच ठाऊक नसतो, खर्च मात्र आधीच छापलेला असतो. वार्षिक १० टक्के चक्रवाढीने ३० वर्षांत रक्कम सुमारे १७.४ पट होते. त्यातून दरवर्षी १ टक्का खर्चात गेला तर ती १३.३ पटच होते. म्हणजे किरकोळ वाटणारा तो एक टक्का अखेरच्या संपत्तीचा जवळजवळ चौथा हिस्सा नेतो. वारंवार खरेदी-विक्री करणाऱ्याची दलाली आणि कर यांतही पैसा असाच झिरपून जातो.

उसन्या पैशाने शेअर घेऊ नयेत, आणि खात्रीशीर परताव्याचे आश्वासन देणाऱ्याला पैसे तर मुळीच देऊ नयेत.

हे सर्व ठरले की एका वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: पैसा कशासाठी आहे, तो कोणत्या वर्षी लागेल आणि त्यातला किती हिस्सा शेअरमध्ये राहील. वर्षातून एकदा ती वही उघडून, शेअरचा हिस्सा ठरल्यापेक्षा बराच वाढला असेल तर जादा भाग विकून मुदतठेवीत किंवा रोख्यांत वळवावा आणि घटला असेल तर नवी रक्कम शेअरकडे न्यावी. पैसा लागण्याचे वर्ष तीन-चार वर्षांवर आले की शेअरमधील हिस्सा टप्प्याटप्प्याने काढायला सुरुवात करावी, मग बाजार त्या वेळी कितीही तेजीत असो.