माळ्याचं झाकण बसवताना या चुका टाळा

पत्र्याचं घर, खाली सिलिंग, कूलरही चालू, तरी मे महिन्यात खोली तापलेलीच. परभणी-नांदेडकडं ही तक्रार घरोघरी आहे. आधी मान वर करून माळ्याचं झाकण बघा. 2 बाय 2 फुटांच्या झाकणाभोवती 3 मिलिमीटरची फट असली, तर ती सगळी मिळून 70 चौरस सेंटिमीटरच्या पुढं जाते. म्हणजे सिलिंगला तळहाताएवढं भोकच.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे झाकणावर थर्माकोल चिकटवून मोकळं होणं. तो उष्णता अडवतो, फटीतला वारा नाही. एक्झॉस्ट लावला की माळ्यावरची तापलेली हवा त्या फटीतून खोलीत ओढली जाते. कूलर लावून खिडक्या बंद ठेवल्या तर उलटं होतं: ओली हवा वर घुसते, प्लायवुड फुगतं आणि झाकण नीट बसेनासं होतं. म्हणून आधी फट बंद करणारी रबरी पट्टी, मग थर्माकोल. हा क्रम बदलू नका.

पट्टी 10 मिलिमीटर रुंद, 6 मिलिमीटर जाड रबराची घ्या. 3 मीटर पुरते. चुन्यावर किंवा डिस्टेंपरवर ती लवकर सुटते. चौकटीची कड घासून ऑइल पेंटचा हात द्या, पूर्ण वाळू द्या, मगच चिकटवा. लावताना ताणू नका. ताणलेली पट्टी नंतर आखडते आणि नेमके कोपरे उघडे पडतात. कडी लावतानाही घाई नडते. झाकण वर दाबून पट्टी निम्मी चेपली की मगच कडीच्या भोकाची खूण करा. एरवी कडी लागते, पण झाकण सैलच राहतं. बिजागरीसमोरच्या बाजूला दोन्ही टोकांना एकेक कडी हवी.

थर्माकोल 50 मिलिमीटरचा, जड प्रतीचा घ्या. घाईत काहीजण तो सनमायका चिकटवायच्या पिवळ्या रबरी गमनं लावतात. त्यातलं द्रावण थर्माकोल खातं. गम लावला की पृष्ठभाग चरचरत बसतो, खड्डे पडतात आणि सगळा तुकडा वाया जातो. साधा पांढरा फेविकॉल लावा, वर वजन ठेवून 24 तास हात लावू नका. थोडा धीर धरला तर दुसरा तुकडा आणावा लागत नाही.

थर्माकोल उघडा ठेवू नका. तो पेट घेतो आणि उंदीर कुरतडतात. वरून सिमेंट शीट ठोका, वायर आणि बल्ब लांब ठेवा. वजन वाढतं, म्हणून बिजागऱ्या तीन लावा.

फटीत सिलिकॉन भरू नका, झाकण कायमचं चिकटेल.

उष्णता परतवायला लावतात तो चकचकीत फॉइल दोन थरांच्या मध्ये दाबून बसवला तर उपयोग शून्य. त्याच्यापुढं किमान 20 मिलिमीटर मोकळी हवा लागते.

शेवटी एक्झॉस्ट लावा, दारं-खिडक्या बंद करा आणि पेटती उदबत्ती झाकणाच्या कडेनं हळूहळू फिरवा. धूर जिथं खाली ढकलला जातो तिथली पट्टी काढून नवी लावा. कोपऱ्याशी दोनदा थांबा.