समन्स आलं, वॉरंट निघालं: या चुका टाळा

चेक बाउन्सचा खटला. दोन्ही बाजू बाहेर बसल्या, पैसे दिले-घेतले, स्टॅम्प पेपरवर सह्या झाल्या. आता काय जायचं कोर्टात, म्हणून आरोपी पुढच्या तारखेला गेलाच नाही. तक्रारदारानं स्वतःच्या वकिलांना काही कळवलं नव्हतं. वकील हजर, पुकारा झाला, आरोपी गैरहजर. नेहमीप्रमाणे वॉरंटचा अर्ज गेला आणि मंजूर झाला. काही महिन्यांनी दाराशी हवालदार उभा राहिला, तेव्हा घरच्यांना कळलं की कोर्टाच्या लेखी खटला जिवंतच आहे.

फौजदारी कोर्टातून निघणारी पुष्कळशी वॉरंटं अशा चुकलेल्या तारखांचीच असतात. समन्स काय किंवा वॉरंट काय, हा माणसाला कोर्टापुढे आणण्याचा कागद आहे. त्यानं कुणी दोषी ठरत नाही. पण तारीख चुकली की प्रत्येक पायरीवर हा कागद जड होत जातो, आणि तो हलका करण्याची जागा एकच आहे: ज्या कोर्टानं काढला तेच कोर्ट. तडजोड झाली असेल तर तडजोडीची पुरसीस, म्हणजे तडजोड झाल्याचं कोर्टाला कळवणारं लेखी निवेदन, दोन्ही बाजूंच्या सह्यांनी दाखल करा आणि खटला निकाली निघाल्याचा शेरा रोजनाम्यात (खटल्याच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) पडेपर्यंत तारखा सोडू नका.

समन्स घ्यायचं टाळणं

"सही केली की अडकलो" या भीतीनं लोक समन्स घेत नाहीत, घरच्यांना "नाही म्हणून सांग" म्हणतात. या सहीचा अर्थ नीट समजून घ्या. कागदी समन्स दोन प्रतींत निघतं. एक प्रत तुमच्या हातात राहते आणि दुसरीच्या पाठीवर तुम्ही पोच म्हणून सही करता. ही गुन्ह्याची कबुली नव्हे. सहीखाली तारीख आणि वेळ स्वतःच्या हातानं लिहा. तारखेच्या आदल्या संध्याकाळी समन्स मिळालं असेल, तर गैरहजेरीचं कारण म्हणून हाच शेरा उपयोगी पडतो.

न घेतल्यानं काही थांबत नाही. तुम्ही सापडला नाहीत तर सोबत राहणाऱ्या घरातल्या कोणत्याही प्रौढ व्यक्तीकडे समन्स देता येतं. जुन्या कायद्यात 'प्रौढ पुरुष' होतं, आता आई, बायको, बहीण कुणीही चालते. घरकामाची बाई किंवा वॉचमन मात्र यात बसत नाही. तेही जमलं नाही तर घराच्या दर्शनी भागावर समन्स चिकटवलं जातं, आणि चौकशीअंती कोर्ट ते बजावलं गेलं असं धरू शकतं. चेकच्या खटल्यांत तर पोस्टानं किंवा कुरिअरनं गेलेल्या पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा आला, तरी कोर्ट समन्स बजावल्याचं जाहीर करू शकतं. म्हणजे कागद तुमच्याकडे नाही, तारीख तुम्हाला माहीत नाही आणि बजावणी पूर्ण. यापेक्षा वाईट स्थिती दुसरी नाही.

यातलाच पत्त्याचा घोळ. गाव सोडून पुण्या-मुंबईला आलेला माणूस. आधारवर गावचा पत्ता, चेकबुकावर जुन्या भाड्याच्या खोलीचा. समन्स तिथे जाऊन परत येतं, मग वॉरंट निघतं. खटला चालू असताना घर बदललं तर नवा पत्ता आणि मोबाइल नंबर लेखी अर्जानं कोर्टात द्या. नुसतं वकिलांना सांगून ठेवलं तर ते रेकॉर्डवर येत नाही.

न वाचता घाबरणं, किंवा न वाचता निर्धास्त राहणं

पहिल्यांदा बघायचं ते हे, की कागद कोर्टाचा आहे की पोलिसांचा. खाली न्यायाधीशांची सही आणि कोर्टाचा शिक्का असेल, वर आर.सी.सी. किंवा एस.सी.सी. असा खटल्याचा क्रमांक असेल तर तो कोर्टाचा. तपासी अंमलदाराची सही आणि गुन्हा रजिस्टर क्रमांक असेल तर ती पोलिसांची नोटीस. आरोपीला चौकशीला बोलावणारी नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खालची, साक्षीदाराला बोलावणारी कलम १७९ खालची. तिचं पालन करायचंच, पण ती कोर्टाची तारीख नव्हे. महिला, १५ वर्षांखालची मुलं, ६० वर्षांवरचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी यांना साक्षीसाठी पोलीस ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. पोलिसांनी घरी येऊन जबाब घ्यायचा असतो.

मग बघा, तुम्हाला कोण म्हणून बोलावलंय. साक्षीदाराच्या समन्सला आरोपीचं समजून घर हादरतं, आणि उलट "आपण साक्षीदारच, नाही गेलो तर काय होतंय" म्हणून गेलं नाही तर साक्षीदारावरही वॉरंट निघतं. साक्षीला गेल्यावर प्रवासखर्चाचा भत्ता त्याच दिवशी मागा. नंतर तो कुणी पाठवत नाही.

तिसरा प्रकार नवा आहे. खासगी फिर्यादीवर (पोलिसांऐवजी थेट कोर्टात केलेल्या तक्रारीवर) कोर्टानं दखल घेण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकायचं, अशी तरतूद कलम २२३ मध्ये आली. त्यासाठी येणारी नोटीस म्हणजे अजून समन्स नाही. इथे आपली बाजू मांडायची संधी असते. ती दवडू नका.

एक कलमांची सूचना. नवी नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, पण त्या दिवशी चालू असलेले खटले जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसारच पुढे चालतात. त्यामुळे अर्जावर कलम टाकताना खटला कधीचा हे बघा. हजेरीमाफी (त्या तारखेपुरती गैरहजर राहण्याची परवानगी) जुन्यात ३१७, नव्यात ३५५. कायमची हजेरीमाफी जुन्यात २०५, नव्यात २२८. वॉरंट रद्द करणं जुन्यात ७०(२), नव्यात ७२(२).

व्हॉट्सअॅपवरचं 'वॉरंट'

इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. कोर्टाचं समन्स आता इलेक्ट्रॉनिक स्वरूपात येऊ शकतं. त्यावर कोर्टाच्या शिक्क्याची प्रतिमा किंवा डिजिटल सही असते. म्हणून मोबाइलवर आलेलं प्रत्येक समन्स खोटं समजून पुसून टाकू नका. पोलिसांची ३५(३) ची नोटीस मात्र व्हॉट्सअॅपवर बजावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आणि त्याच वर्षी जुलैत पुन्हा सांगितलं.

आणि अटक वॉरंट? ते अंमलात आणायला माणूस समोर यावा लागतो. व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक होत नाही. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट कायद्यात नाही. वॉरंटची पीडीएफ पाठवून "खात्यातली रक्कम पडताळणीसाठी वळती करा" म्हणणारा चोरच असतो. पैसे गेले असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

खरं-खोटं बघायला खटल्याचा १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्स अॅपवर टाका. पक्षकारांची नावं, कोर्ट, पुढची तारीख दिसते. क्रमांकच दिलेला नसेल तर कागदावर छापलेल्या फोनवर विचारू नका. त्या कोर्टात किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात प्रत्यक्ष जा.

"वकील जातील की"

वकील हजर म्हणजे आरोपी हजर, असं नसतं. तुम्ही येणार नसाल तर त्या दिवसापुरता हजेरीमाफीचा अर्ज पुकाऱ्याच्या वेळी न्यायाधीशांपुढे असायला हवा. पुकारा होऊन 'आरोपी गैरहजर' असं रोजनाम्यात लिहिलं गेलं की नंतर धावपळ. अर्जाला पुरावा जोडा. 'आजारी आहे' एवढ्यावर एकदा चालेल, दरवेळी नाही. डॉक्टरांच्या दाखल्यावर तारीख, नोंदणी क्रमांक आणि विश्रांती कधीपासून कधीपर्यंत हे असावं.

काही तारखांना माफी मिळेल असं धरूच नये: जामीन द्यायची पहिली तारीख, दोषारोप ठेवायची तारीख, साक्षीपुरावा संपल्यावर आरोपीचा जबाब, आणि निकाल. वृद्ध असाल, दूर राहत असाल, परदेशी नोकरी असेल तर दर वेळी अर्ज करण्यापेक्षा कायमची हजेरीमाफी मागा. आखातात असलेल्यांनी हे विशेष मनावर घ्यावं, कारण कोर्टाचं समन्स किंवा वॉरंट निघाल्याचं पासपोर्ट अधिकाऱ्यांच्या नजरेला आणलं गेलं तर पासपोर्ट जप्त किंवा रद्द करण्याची तरतूद पासपोर्ट कायद्यातच आहे.

जामीनपात्र वॉरंटला अजामीनपात्र समजणं

वॉरंटच्या मजकुराखालचा शेरा वाचा. 'इतक्या रकमेचा जातमुचलका आणि इतके जामीनदार दिल्यास सोडावे' असं लिहिलं असेल तर ते जामीनपात्र. जातमुचलका म्हणजे तारखेला हजर राहण्याचं स्वतःचं बंधपत्र. जामीन घ्या, पोलीस सोडतात आणि तारखेला कोर्टात जायचं. हा शेरा पाहायला वॉरंट मागून घ्या. मागितलं तर दाखवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. शेऱ्यातली १०,००० किंवा १५,००० ही रक्कम बंधपत्राची असते. ती कुणाच्या हातात मोजून द्यायची नसते. तारीख चुकवली तर ती वसूल होऊ शकते, इतकाच तिचा अर्थ. जामीनदाराचं आधार, रेशनकार्ड आणि ऐपतीचा पुरावा, म्हणजे सातबारा, घरपट्टीची पावती किंवा पगारपत्रक, तयार ठेवा.

मोठी चूक इथून पुढची. जामीनपात्र वॉरंटवर सुटल्यावर लोक निवांत होतात आणि त्यात लिहिलेली तारीखच विसरतात. पुढचं वॉरंट अजामीनपात्र असतं. शिवाय बंधपत्र जप्तीची कारवाई वेगळी सुरू होते, आणि नोटीस जाते जामीनदाराला. मेहुणा किंवा शेजारी म्हणून उभा राहिलेला माणूस तुमच्यामुळे पैसे भरतो.

अजामीनपात्र वॉरंट निघाल्यावर पोलीस ठाण्याच्या चकरा

वॉरंट ठाणे अंमलदार 'दाबून' ठेवेल, या भरवशावर राहू नका. कोर्टानं रद्द करेपर्यंत किंवा अंमलबजावणी होईपर्यंत वॉरंट जिवंत राहतं. वर्षं गेली म्हणून ते बाद होत नाही. सरळ मार्ग म्हणजे स्वतः हजर होऊन वॉरंट रद्द करण्याचा अर्ज. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या खटल्यांचं कामकाज, सुरू व्हायच्या आत पोचा, म्हणजे अर्ज त्याच दिवशी निघण्याची शक्यता राहते. शुक्रवारी दुपारी जाऊ नका; अर्ज नामंजूर झाला तर मध्ये सुट्ट्या येतात.

अर्जात गुळमुळीत लिहू नका. 'काही अपरिहार्य कारणास्तव' हे वाक्य काही सांगत नाही. असं लिहा: 'दि. १२ रोजी अर्जदाराच्या वडिलांना रुग्णालयात दाखल केले होते, डिस्चार्ज कार्ड जोडले आहे. त्यामुळे हजर राहता आले नाही. गैरहजेरी हेतुपुरस्सर नाही. पुढील प्रत्येक तारखेस हजर राहीन.' मागच्या किती तारखांना हजर होतात तेही रोजनाम्यावरून सांगा. कोर्ट दंड लावू शकतं किंवा नवा जातमुचलका मागू शकतं, म्हणून जामीनदार सोबतच न्या.

हजर होण्याची भीती वाटत असेल त्यांनी एक गोष्ट वकिलांना जरूर विचारावी. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या ज्या गुन्ह्यांत तपासादरम्यान अटक झाली नाही आणि आरोपीनं तपासात सहकार्य केलं, तिथे आधी समन्स, मग जामीनपात्र, मग अजामीनपात्र वॉरंट असा क्रम सर्वोच्च न्यायालयानं घालून दिला आहे. पुढच्या तारखेला हजर राहण्याची हमी देऊन, वॉरंट बजावलं जाण्याआधी अर्ज केला, तर प्रत्यक्ष हजेरीचा आग्रह न धरता ते रद्द करता येतं किंवा जामीनपात्र करता येतं.

वॉरंटला दाद दिलीच नाही तर पुढे कलम ८४ चा जाहीरनामा निघतो. त्यात हजर व्हायला किमान ३० दिवस देतात, आणि मालमत्तेवर टाचही येऊ शकते. जाहीरनाम्यानंतरही न येणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. मूळ खटला चेकचा, आणि डोक्यावर दुसराच गुन्हा. इथवर जाऊ देऊ नका.

रद्द झालं, पण कागद घेतलाच नाही

मुंबईतल्या एका वकिलांचं अजामीनपात्र वॉरंट १२ ऑगस्ट २००२ ला रद्द झालं होतं. तरी १५ ऑगस्टला, सुट्टीच्या दिवशी, त्यांना त्याच वॉरंटवर अटक झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०११ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की वॉरंट रद्द केल्याची नोंद खटल्याच्या फाइलीत आणि रजिस्टरमध्ये व्हावी, पोलिसांना प्रत जावी, वॉरंट विनाअंमल परत मागवावं आणि रद्द केल्याच्या आदेशाची प्रत आरोपीलाही द्यावी.

ती प्रत तुमचा हक्क आहे. आदेश झाला त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्या. पोलीस ठाण्याला जाणाऱ्या पत्राचा जावक क्रमांक लिहून घ्या, दोन-तीन दिवसांनी ठाण्यात जाऊन समन्स-वॉरंटचं काम बघणाऱ्या हवालदाराकडे वॉरंट परत गेल्याची खात्री करा. स्वतःच्या प्रतीवर ठाण्याची पोच घ्या आणि तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. रात्री अकराला दुसऱ्याच ठाण्याचा अंमलदार दारात आला, तर तोंडी सांगण्यापेक्षा हा फोटो त्याला लवकर पटतो.

अटक होत असताना

झटापट, पळापळ नको. नवा गुन्हा लागतो. वॉरंट मागा, नाव, वडिलांचं नाव, पत्ता आणि कोर्ट जुळतंय का बघा. एकाच गावात एकाच नावाची दोन माणसं असतात, आणि नावाच्या घोळात भलत्यालाच उचललं जातं. आधार दाखवून तिथेच हरकत नोंदवा. नातेवाइकाला कळवणं हा तुमचा हक्क आहे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत कोर्टापुढे न्यावं लागतं. सुट्टी असली तरी दंडाधिकारी उपलब्ध असतात. अपवाद वगळता सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी महिलेला अटक करता येत नाही. अपवादातही महिला पोलीस अधिकाऱ्यानं दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेतलेली असावी लागते.

जिल्ह्याबाहेर अटक झाली आणि वॉरंट काढणारं कोर्ट ३० किलोमीटरच्या आत किंवा तिथल्या दंडाधिकाऱ्यांपेक्षा जवळ नसेल, तर तिथल्याच दंडाधिकाऱ्यांपुढे किंवा वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांपुढे नेलं जातं. गुन्हा जामीनपात्र असेल तर तिथेच जामीन देता येतो. नांदेडच्या वॉरंटवर ठाणे शहरात अटक झाली तर घरच्यांनी नांदेडच्या वकिलाला फोन करत बसण्याआधी ठाणे शहरातच एक वकील उभा करावा.

वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय बहुतेक जिल्हा न्यायालयाच्या आवारातच सापडतं. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.